हात घडतो तेव्हा

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्याच्या शासकीय महिला रुग्णालयात एका गर्भवतीची सोनोग्राफी होत असता, तिच्या पोटातील बाळाच्याही पोटात गर्भ असल्याचे आढळून आले. पुढे ते बाळ जन्माला आले आणि अमरावतीत त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. अशा घटनांची चर्चा चमत्कार म्हणून होते आणि चार दिवसांत विरून जाते. वैद्यकशास्त्राला मात्र या दुर्मिळ गर्भांत एक बोधप्रद गोष्ट दिसून आली आहे. त्यांच्यात मेंदूचा बहुधा पत्ता नसतो, हृदयही धड घडलेले नसते. तरीही पाठीचा कणा आणि हातापायांचे अंकुर पुष्कळदा आढळतात. याचा अर्थ असा की, हात घडविण्यासाठी मेंदूच्या आज्ञेची गरज नसते. मग तो घडवितो कोण?

या प्रश्नाचे उत्तर प्रथम कोंबडीच्या अंड्यात सापडले. कोंबडीचा पंख, उंदराचा पुढचा पाय आणि माणसाचा हात यांची मूळ आखणी एकच आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन साँडर्स यांनी १९४८ मध्ये कोंबडीच्या भ्रूणातील पंखाच्या अंकुराची टोकाकडील कड काढून टाकली, तेव्हा पंख अर्धवटच राहिला. १९६८ मध्ये त्यांनी व मेरी गॅसलिंग यांनी अंकुराच्या मागच्या कडेचा कण पुढच्या कडेला बसविला, तेव्हा आरशातील प्रतिबिंबासारखा बोटांचा दुसरा संच उगवला. आपल्याकडेही पुणे विद्यापीठात डॉ. लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या भ्रूणावरील संशोधनाची परंपरा रुजविली.

अंकुरातील हे संदेश ज्या जनुकांकडून येतात, ती पुढे एकेक करून हाती लागली. हाताचा अंकुर फुटण्यासाठी टीबीएक्स-५ नावाचे जनुक जागे व्हावे लागते. टोकाची कड एफजीएफ ही प्रथिने पाझरत ठेवते आणि त्यांच्यामुळे अंकुर लांबत जातो. करंगळीच्या बाजूच्या पेशी ‘सोनिक हेजहॉग’ नावाचे प्रथिन सोडतात. १९९३ मध्ये उमगलेल्या या जनुकाला एका संगणकीय खेळातील पात्राचे नाव मिळाले आहे. कोणते बोट कोठे आणि किती बोटे, हे बव्हंशी त्याच्या प्रभावाने ठरते. यातील मर्म असे की, एफजीएफवाचून सोनिक टिकत नाही आणि सोनिकवाचून एफजीएफ. दोघांमधील दुवा ‘ग्रेमलिन’ हे तिसरे प्रथिन सांभाळते. अंकुर पुरेसा वाढला की हा दुवा तुटतो आणि वाढ आपोआप थांबते. अखेरीस बोटांमधील पेशी ठरल्या वेळी मरण पावतात आणि बोटे सुटी होतात.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे श्रमविभागाची आठवण होणे स्वाभाविक आहे. फरक एवढाच की, या कारखान्यात मुकादम नाही आणि संपूर्ण नकाशा कोणा एकाच्या हाती नाही. प्रत्येक कारागीर शेजाऱ्याचे ऐकतो आणि आपले काम करतो. म्हणूनच दोष शोधताना एकाच कारागिराकडे बोट दाखविणे बहुधा चुकीचे ठरते.

सोनिक जनुक केव्हा व कोठे चालू व्हावे, हे ठरविणारा एक नियंत्रक तुकडा त्याच्यापासून सुमारे दहा लाख अक्षरे दूर आहे. जनुक शाबूत असूनही या तुकड्यातील एक अक्षर बदलले, तर अंगठ्याच्या बाजूला जादा बोट येऊ शकते. सापांमध्ये हा तुकडा निकामी होत गेला आहे. उंदराचा तुकडा काढून तेथे नागाचा किंवा अजगराचा तुकडा बसविल्यावर उंदराचे पाय खुंटले, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले.

हा सारा व्यवहार किती अल्पकाळात आटोपतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. मानवी गर्भात हाताचा अंकुर गर्भधारणेनंतर सुमारे सव्विसाव्या दिवशी दिसतो, पायाचा त्यानंतर एक-दोन दिवसांनी. आठव्या आठवड्याअखेर बोटे सुटी झालेली असतात. १९५७ मध्ये जर्मनीत विक्रीस आलेले थॅलिडोमाइड हे औषध १९६१ मध्ये मागे घेण्यात आले, तोवर जगभर हजारो बालके खुंटलेल्या हातापायांनी जन्मली होती. घात झाला तो मुख्यतः गर्भारपणाच्या आरंभीच्या मोजक्या दिवसांत. हे औषध ‘सॅल-४’ या प्रथिनाचा नाश करते, हे २०१८ मध्ये उघड झाले.

आता आपल्या घराकडे वळू. ग्रहणकाळात गर्भवतीने चिरू नये, शिवू नये, नाहीतर मुलात व्यंग येते, हा समज आजही पुष्कळ घरांत पाळला जातो. बाळाचे बोट कमी निघाले की आईच्या हातून काय घडले याची उजळणी सुरू होते आणि ती बाई आयुष्यभर अपराधी ठरते. सहाव्या-सातव्या महिन्यातील ग्रहणाने तिसऱ्या महिन्याच्या आतच घडून गेलेली बोटे कशी बिघडणार, हा साधा हिशेब कोणी मांडत नाही. आनुवंशिक बदल पित्याकडूनही तितक्याच सहजतेने येऊ शकतो. अनेकदा तो कोणाकडेच नसतो, नव्यानेच घडतो. कित्येक व्यंगांचे तर कारणच सापडत नाही. अशा स्थितीत दोषाचे सारे वाटप एकट्या आईच्या पदरी करणे हा अन्याय आहे.

शासनाचा हिशेबही तपासावा लागेल. गर्भवतीची नोंदणी पहिल्या बारा आठवड्यांत व्हावी, असा निकष आहे. हे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. म्हणजे बाराव्या आठवड्यात येणाऱ्या स्त्रीच्या गर्भाची बोटे तोवर सुटी झालेली असतात. मातृवंदना योजनेचा पहिला हप्ताही नोंदणीनंतरचाच. प्रसूतिपूर्व सेवांचे महत्त्व याने कमी होत नाही. पण मधुमेह काबूत आणणे, फेफऱ्याची काही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलणे, मज्जारज्जूच्या व्यंगाविरुद्ध फॉलिक आम्लाची गोळी सुरू करणे, ही कामे गर्भधारणेच्या आधीची आहेत. आशा कार्यकर्तीची पहिली भेट नवविवाहितेच्या घरी, पतीच्या उपस्थितीत व्हावी. तिचा खर्च फारसा नाही; प्रश्न वेळेचा आहे.

याने सर्व व्यंगे टळतील असे नाही. जी बालके व्यंग घेऊन जन्मतील, त्यांच्यासाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. वाकड्या पावलाचे बाळ पहिल्या काही आठवड्यांत प्लास्टरसाठी पोहोचले, तर बहुतेक वेळा पाऊल सरळ होते. मात्र अपराधाच्या भावनेने बाळाला कुंचीत झाकून ठेवणारी आई रुग्णालयापर्यंत पोहोचत नाही. तिच्यावरील आरोप मागे घेणे, ही त्या बाळाच्या उपचाराची पहिली पायरी आहे. आणि त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी लागत नाही.