एका वेतामागची जबाबदारी

मुधोळ हाउंड ही दख्खनच्या पठारावरची शिकारी कुत्र्याची जात. उत्तर कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात मुधोळ नावाचे गाव आहे. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी, विशेषतः मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांना आश्रय दिला आणि गावाचे नाव जातीला चिकटले. सीमेअलीकडे, महाराष्ट्रात, याच वाणाच्या कुत्र्याला ‘कारवान’ म्हणतात. कानांवर आणि शेपटीवर लांब केस असले तर ‘पश्मी’. खांद्यापाशी दोन फुटांहून जास्त उंची, निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि लांब पाय. सावज नजरेने टिपायचे आणि धावून गाठायचे, हे या कुत्र्याचे मूळ काम.

शिकार चालू होती तोवर निवड तीच करत असे. जे कुत्रे दमाला कमी पडे किंवा पायाने अधू असे, त्याची पिल्ले कोणी मागत नसे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची वाट बंद झाली. मागणी मात्र टिकली आणि पुढे वाढलीही. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर काढलेल्या चार तिकिटांत मुधोळ होता. मुधोळजवळ तिम्मापूर येथे बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र उभे राहिले. लष्करानेही या जातीची पिल्ले प्रशिक्षणासाठी घेतली. नाव झाले तशी पिल्लांना किंमत आली आणि शेताच्या बांधावर ठरणारी निवड पैदास करणाऱ्याच्या हाती आली. कोणती जोडी लावायची, त्याहून कोणती लावायची नाही, हे आता त्यालाच ठरवावे लागते. जबाबदार पैदासकार आणि पिल्लांचा व्यापारी यांच्यातला फरक इथे सुरू होतो.

निवडीत पहिली पाहणी चालीची. कुत्रे सपाट जमिनीवर समोरून, मागून आणि बाजूने चालवून व पळवून पाहतात. पुढचे पाय एकमेकांना छेदत नाहीत ना, मागच्या पायांचा रेटा सरळ पडतो ना, हे त्यातून कळते. त्यानंतर दात, जबड्याची ठेवण, डोळे आणि नराचे दोन्ही अंड उतरले आहेत की नाही, हे तपासतात. स्वभावाची परीक्षा अधिक कठीण. अनोळखी माणसाने हात लावलेला मुधोळला मुळातच फारसा खपत नाही. हा अलिप्तपणा जातीचाच. पण सावध राहणारे कुत्रे वेगळे आणि भेदरून चावणारे वेगळे. दुसऱ्या प्रकारची मादी कितीही देखणी असली, तरी चांगला पैदासकार तिला फळवत नाही, कारण भित्रेपणा पिल्लांत रक्तातूनही उतरतो आणि आईचे पाहूनही.

दुसरा प्रश्न नात्याचा. सख्ख्या भावाबहिणीची जोडी लावली, तर पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक २५ टक्के येतो. सावत्र भावंडांत तो साडेबारा आणि चुलत-मावस भावंडांत सव्वासहा. गुणांक जितका वाढेल, तितकी सुप्त दोष दोन्हीकडून एकत्र येण्याची शक्यता वाढते. वेत लहान होते, पिल्ले अशक्त निपजतात. देशी जातींत ही अडचण जास्त टोचते, कारण पुष्कळ कुत्र्यांची वंशावळ कागदावर नसते, मालकाच्या आठवणीत असते. एखादा नर नावाजला की पंचक्रोशीतल्या माद्या त्याच्याकडेच येतात आणि दोन-तीन पिढ्यांत बहुतेक पिल्ले एकमेकांची भावंडे होऊन बसतात. म्हणून नामांकित नराचा मालकही किती माद्या स्वीकारायच्या, यावर मर्यादा घालतो. वेगासाठी ग्रेहाउंडचे रक्त मिसळून ते पिल्लू शुद्ध मुधोळ म्हणून विकणे, ही उलट दिशेची लबाडी. संकर हा गुन्हा नव्हे; तो लपवणे म्हणजे घेणाऱ्याची फसवणूक आणि जातीच्या नोंदीत कायमचा खोटेपणा.

वयाची आणि वेतांची मर्यादा कायद्यानेच आखली आहे. कुत्र्यांची पैदास व विक्री यासंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदासकाराला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. मादी १८ महिन्यांची होण्याआधी तिला फळवता येत नाही. वर्षात एकापेक्षा जास्त आणि आयुष्यात पाचापेक्षा जास्त वेते घेता येत नाहीत. आठ वर्षांनंतर पैदास थांबवावी लागते. शेपूट किंवा कान कापायला मनाई आहे. हे आकडे किमान मर्यादेचे आहेत. गेल्या बाळंतपणात खंगलेली मादी भरून येईपर्यंत थांबायचे, त्यासाठी दोन माज सोडून द्यावे लागले तरी चालतील, हे कोणत्याही नियमात लिहिलेले नसते.

जोडी ठरली की दोघांच्या रक्ताची तपासणी होते. ब्रुसेला कॅनिस या जिवाणूने गर्भपात होतात, नर वांझ होतो आणि हा संसर्ग माणसालाही होऊ शकतो. मादीला आधीच जंताचे औषध देतात आणि लसी पूर्ण करून घेतात. माजाच्या सुरुवातीला साधारण नऊ दिवस रक्तस्राव असतो आणि मादी नराला जवळ येऊ देत नाही. नंतर ती शेपूट बाजूला घेऊन उभी राहते. दिवस मोजून नर लावायची जुनी पद्धत पुष्कळदा फसते, कारण प्रत्येक मादीचा क्रम वेगळा असतो. रक्तातल्या प्रोजेस्टेरॉनची एक-दोन दिवसाआड तपासणी केली की बीज केव्हा सुटले ते समजते. त्यानंतर सुमारे दोन दिवसांनी संयोग झाला तर गर्भ राहण्याची शक्यता सर्वांत जास्त. संयोगानंतर नर-मादी दहा ते तीस मिनिटे एकमेकांत अडकून राहतात. त्या वेळी त्यांना ओढून सोडवणे म्हणजे दोघांनाही इजा करणे. मादी नराला ठामपणे झिडकारत असेल, तर तिला धरून उभी करत नाहीत. जोडी सोडून देतात.

गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. पंचवीस-तीस दिवसांनी सोनोग्राफीत गर्भ दिसतात आणि ५५ दिवसांनंतरच्या एक्स-रेत मणके मोजून पिल्लांची संख्या कळते. ही संख्या पुढे फार उपयोगी पडते, कारण विताना एखादे पिल्लू आत राहिले की नाही, ते तिच्यावरून ठरते. खुराक गर्भकाळाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात वाढवायचा. कॅल्शियमच्या गोळ्या मनानेच चारू नयेत. त्यामुळे शरीराची स्वतःची कॅल्शियम सोडण्याची यंत्रणा मंदावते आणि दूध सुरू झाल्यावर मादीला झटके येऊ शकतात. पशुवैद्याशी एक गोष्ट आधीच बोलून ठेवावी लागते: मुधोळसारख्या चरबी नसलेल्या कुत्र्यांना बार्बिट्युरेट गटातली भूल उतरायला फार वेळ लागतो. सिझेरियनची वेळ आली, तर दुसरे औषध तयार हवे.

विण्याची चाहूल थर्मामीटर देतो. शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोन-तीनदा ताप मोजतात. तो ९९ अंश फॅरनहाइटच्या खाली उतरला की बहुधा चोवीस तासांत मादी विते. ती धापा टाकते, अन्नाला तोंड लावत नाही, अंथरलेली चादर पायांनी उकरून कोपऱ्यात गोळा करते. कळा सुरू झाल्या की पिशवीत गुंडाळलेले पहिले पिल्लू बाहेर येते. मादी पिशवी फाडते, नाळ चावून तोडते, चाटून चाटून पिल्लाला श्वास घ्यायला लावते. पहिलटकरीण गोंधळली तर हे काम माणसाला करावे लागते. पिशवी नाकावरून काढायची, तोंडातला चिकटा पुसायचा आणि ते चीं करीपर्यंत कोरड्या टॉवेलने अंग चोळायचे. नाळेला पोटापासून बोटभर अंतरावर निर्जंतुक दोरा बांधून पुढचा भाग कापायचा. प्रत्येक पिल्लामागे एक वार पडली पाहिजे. तिचा हिशेब वहीत वेळेसकट लिहितात. अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू आले नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट स्राव दिसला, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

पहिले दोन आठवडे पिल्लांना अंगाची ऊब स्वतः राखता येत नाही. पिल्ले ठेवलेल्या पेटीचा एक भाग ३० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात, दुसरा थोडा थंड, म्हणजे पिल्ले हवी तशी सरकू शकतात. पहिल्या दिवसाचे चिकाचे दूध प्रत्येकाच्या पोटात गेलेच पाहिजे, कारण रोगप्रतिकाराचे आईचे बळ त्यातूनच मिळते. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर बांधून रोज ठरलेल्या वेळी काट्यावर वजन घेतात. निरोगी पिल्लाचे वजन सात ते दहा दिवसांत दुप्पट होते. चार भावंडांची वजने चढत असताना एकाच रंगाच्या रकान्यातला आकडा जागीच राहिला, तर ते पिल्लू वरून धडधाकट दिसत असले तरी कुठेतरी बिघडले आहे. त्याला दूध भरलेल्या पुढच्या किंवा मागच्या सडाला लावायचे, दर दोन-तीन तासांनी, रात्रीही. जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून, कारण गोलकृमी आईच्या पोटातच पिल्लांत शिरलेले असतात.

तिसऱ्या आठवड्यापासून काम बदलते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर येथे केलेल्या आणि १९६५ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या संशोधनाने हे दाखवले, की सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात कुत्र्याचे पिल्लू माणसाला आपले मानायला शिकते. हा काळ माणसाविना गेला तर ती उणीव पुढे सहज भरून निघत नाही. मुळात अलिप्त असलेल्या मुधोळच्या बाबतीत हे आठवडे निर्णायक. पिल्लांना रोज वेगवेगळ्या माणसांनी हाताळायचे, त्यांच्या कानावर मिक्सर, मोटरसायकल, ताशा पडू द्यायचा, फरशी, माती, गवत असे सगळे पायाखाली द्यायचे. पिंजऱ्यात वाढवून थेट विकलेले पिल्लू अंगाने ठणठणीत असले, तरी या बाबतीत अर्धेच वाढलेले असते.

आठ आठवड्यांआधी पिल्लू देता येत नाही. तोवर पहिली लस आणि मायक्रोचिप झालेली असते. पिल्लू मागणाऱ्याची चौकशी पैदासकार उलट बाजूने करतो: कुंपण किती उंच, दिवसभर घरी कोण, पळायला मोकळी जागा किती, शेजाऱ्यांच्या कोंबड्या-शेळ्या आहेत का. धावणाऱ्या प्राण्यामागे सुटणे या कुत्र्याच्या रक्तात आहे, हे न सांगता पिल्लू दिले तर वर्षभरात ते साखळीला बांधलेले सापडते. चौथ्या मजल्यावरच्या, सकाळी गेलेल्या आणि रात्री परतणाऱ्या कुटुंबाला म्हणूनच नकार मिळतो, पैसे तयार असले तरी. घेणाऱ्याला आईवडिलांच्या तपासण्यांचे कागद, लसीची नोंद आणि खुराकाचा तक्ता मिळतो. करारात एक अट असते: कोणत्याही कारणाने, कोणत्याही वयात कुत्रे सांभाळणे अशक्य झाले, तर ते पैदासकाराकडेच परत यायचे. ही अट पाळायची तर घरी जागा मोकळी ठेवावी लागते आणि म्हणून वेतेही मोजकीच घ्यावी लागतात.

तपासण्या, एक्स-रे, लसी, मादीचा खुराक आणि दोन महिन्यांची जागरणे यांचा खर्च मांडला, तर अशा वेतात नफा थोडाच उरतो. कधी सिझेरियन झाले तर तोटाच. माद्या वाढवून आणि तपासण्या गाळून पैदास करणाऱ्याला तेच पिल्लू निम्म्या दरात देता येते. नियम २०१७ पासून आहेत, पण त्यांची अंमलबजावणी घराच्या परसात पोहोचणे कठीण असते. त्यामुळे गिऱ्हाईक काय विचारते, यावर बरेच अवलंबून आहे. पिल्लाची आई दाखवा, नोंदणी दाखवा, वजनांची वही दाखवा, एवढे तीन प्रश्न प्रत्येकाने विचारले, तर निष्काळजी पैदास विकणे अवघड होईल. विकलेल्या पिल्लांची दोन-तीन वर्षांनंतरची खबर, म्हणजे चाल कशी आहे, स्वभाव कसा झाला, कोणता आजार निघाला, हीही त्याच वहीत नोंदवायची असते. त्या आईला पुन्हा फळवायचे की नाही, हे या नोंदी पाहून ठरते.