जनगणनेत नसलेले प्रवासी

२००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ भरली. दहा वर्षांत ऐंशी हजारांहून जास्त माणसं कमी झाली. हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक बायका, म्हणजे कमावते हात कुठे गेलेत ते वेगळं सांगायला नको. एवढ्याच आकड्यांवर एखाद्याने हिशेब मांडला, तर इथे गाड्या वाढवायची गरज नाही असंच उत्तर निघेल. प्रत्यक्षात गौरी-गणपतीचं आरक्षण खुलं झालं की काही मिनिटांत कोकणकन्या, मांडवी, तुतारी या साऱ्या रेल्वेगाड्यांवर ‘रिग्रेट’ झळकतं.

वाहतुकीच्या मागणीचं मॉडेल बांधायची रूढ रीत १९५० च्या दशकात डेट्रॉइट आणि शिकागोत घडली. प्रदेशाचे विभाग पाडायचे. प्रत्येक विभागातून किती फेऱ्या निघतील, त्या कुठे जातील, कोणत्या वाहनाने आणि कोणत्या मार्गाने, हे चार टप्प्यांत काढायचं. मुंबई महानगरासाठी एमएमआरडीएने २००८ मध्ये पुरा केलेला ‘ट्रान्सफॉर्म’ अभ्यास याच घराण्यातला. पहिल्या टप्प्यात कुटुंब जिथे राहतं तिथे मोजलं जातं आणि दिवस धरला जातो तो कामाचा, सर्वसाधारण.

कोकणात या दोन्ही गृहीतांची पंचाईत होते. घर देवरुखजवळच्या वाडीत, बिऱ्हाड नालासोपाऱ्यात, चूल दोन्हीकडे. संगमेश्वरला उतरणारा चाकरमानी २०११ च्या जनगणनेत तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात मोजला गेला. शिवाय तो रोज येत नाही. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्यात त्याचं वर्ष संपतं. वर्षाची सरासरी काढली की गणपती आकड्यातच बुडतो.

त्याहून अवघड दुखणं नोंदींचं आहे. डबा भरला की मोजणी थांबते. ज्याला तिकीट मिळालं नाही त्याचा प्रवास कागदावर येतच नाही. आणि गाड्या वाढवायच्या तर रूळ एकच. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग कोकण रेल्वे महामंडळाने १९९० नंतर हाती घेतला आणि १९९८ मध्ये तो पूर्ण सुरू झाला. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल बघितला की दुसरा रूळ टाकणं किती खर्चाचं ते कळतं. २०२१ मध्ये दुहेरीकरण झालं ते रोहा ते वीर एवढंच. म्हणून इथल्या प्रवासीसंख्येचा आलेख मागणी दाखवत नाही, रुळावर किती गाड्या मावल्या ते दाखवतो. त्यात स्थानकागणिक कोटा. कुडाळपर्यंतचं तिकीट काढून चिपळूणला उतरणारे असतात, त्यांची नोंद कुडाळच्या खात्यात जमा.

माणूस काय निवडेल हे आधी सांगता येत नाही असं नाही. डॅनियल मॅकफॅडन यांनी सॅन फ्रान्सिस्कोची ‘बार्ट’ रेल्वे सुरू होण्याआधी तिचा वाटा ६.३ टक्के येईल असं काढलं. अधिकृत अंदाज १५ टक्के होता, प्रत्यक्षात आला ६.२. या निवडीच्या गणितासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं. पण त्यांनी विचारलं होतं ते खऱ्या प्रवाशांना. आपल्याकडे तशी सगळ्यांत प्रामाणिक नोंद, माझ्या मते, एसटीच्या गट आरक्षणात आहे. मंडळवाले आख्खी गाडी ठरवतात, ती मुंबईतल्या चाळीपाशी भरते आणि थेट वाडीच्या तिठ्यावर उतरवते. निघायचं ठिकाण, पोचायचं ठिकाण, माणसं, तारीख, सगळं एका कागदावर. २०२५ मध्ये गणपतीसाठी पाच हजार जादा गाड्या जाहीर झाल्या होत्या. त्या याद्यांवरून गावनिहाय तक्ता मांडला, तर महागड्या सर्वेक्षणाचं निम्मं काम होईल.

मालाचं गणित आणखी निराळं. रेल्वेला आवडतो तो कोळशासारखा ढीग: एक माल, एक रेक, एक पत्ता. हापूस तसा नाही. बागेत दुपारी पेंढ्यात भरलेली पेटी संध्याकाळी टेम्पोत चढते आणि उजाडताना वाशीच्या मार्केटात असावी लागते. हीच पेटी रेल्वेने न्यायची तर बागेतून स्थानक, स्थानकातून डबा, मग पुन्हा टेम्पो. प्रत्येक चढउतारीला फळ दबतं आणि वेळ जातो. हंगामाच्या सुरुवातीला एका दिवसात भाव उतरतो, त्यामुळे किलोमीटरमागचं भाडं किती स्वस्त, याला बागायतदार फारसं विचारत नाही. टनांवर चालणाऱ्या मॉडेलला ही पेटी दिसत नाही.

कोकण रेल्वेला एकदा हे नेमकं उमगलं होतं. २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड ते वेर्णा रो-रो सुरू झाली: माल न उतरवता आख्खा ट्रकच वाघिणीवर. घाट चुकतो, डिझेल आणि टायर वाचतात, ड्रायव्हरही आपल्याच गाडीत. लांब पल्ल्याच्या ट्रकवाल्याला हे पटलं.

२०२५ च्या गणपतीत तीच कल्पना मोटारींसाठी आली. कोलाड ते वेर्णा, मोटारीमागे ७,८७५ रुपये, एका फेरीत ४० गाड्या, किमान १६ आरक्षणं झाली तरच फेरी. प्रतिसाद थंड मिळाला. मुंबईहून कोलाडला पोचेतो शंभरहून जास्त किलोमीटर रस्ता तुडवून झालेला असतो, आणि वेर्णा गोव्यात. तिथून रत्नागिरीचा माणूस दोनशेहून अधिक किलोमीटर उलटा येणार. ट्रकवाल्याचं निघायचं-पोचायचं ठिकाण चाकरमान्याला चिकटवलं होतं. ओरड झाल्यावर नांदगाव रोडला थांबा दिला गेला. तो सिंधुदुर्गात. रत्नागिरी जिल्हा मधल्या मध्येच राहिला.