बिनशंखाची गोगलगाय

मंडळी, २०२२ सालच्या खरिपात आपल्या लातूर जिल्ह्यात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे कशी फस्त केली, ते आपण विसरला नसाल. चाकूरच्या शेतकऱ्यापुढे गोगलगाईचे नाव काढले की त्याला आधी मीठ आठवते. पण याच गोगलगाईची एक भावकी जन्मभर खाऱ्या पाण्यातच नांदते. ती समुद्री गोगलगाय.

आता मिठाने एक मरते आणि दुसरी जगते, हे कसे? मीठ पडले की शेतातल्या गोगलगाईच्या अंगातले पाणी बाहेर ओढले जाते. समुद्रातलीच्या अंगातला रस मुळातच समुद्राइतका खारट असतो. त्यामुळे तिचे पाणी तिच्यातच राहते.

तिचे पिल्लू अंड्यातून निघते तेव्हा त्याला इवलासा शंख असतो. पुढे बऱ्याच जातींत तो गळून पडतो. मग उघड्या अंगाने तिने जगावे कसे? काही जाती विषारी स्पंज खातात आणि ते विष स्वतःच्या अंगात साठवतात. काही जाती तर डंख असलेले जीव खाऊन तेच डंख आपल्या पाठीवर वागवतात. तिचा जांभळा, पिवळा, निळा भडक रंग पुष्कळदा माशांना बजावतो, ‘वाटेला जाऊ नका.’ गांधीलमाशीचे पिवळे पट्टे आपल्याला हेच सांगतात.

ही पाहायला पाणबुडे पाठीवर हवेची टाकी बांधून उतरतात. टाकीत बहुधा आपली साधी हवाच दाबून भरलेली असते. विहिरीत खोल बुडी मारली की कानांना दडे बसतात ना? तोच पाण्याचा दाब. समुद्रात दर १० मीटरला तो एका वातावरणाइतका वाढतो. म्हणून वर येताना श्वास कोंडायचा नाही आणि घाई करायची नाही; नाहीतर छातीतली हवा फुगून फुप्फुस फाटते. मालवणजवळ तारकर्लीला ही विद्या रीतसर शिकवतात.

खाली तांबडा रंग दिसेनासा होतो, कारण पाणी तांबडा प्रकाश आधी शोषून घेते. छायाचित्रकार विजेचा झोत टाकतो, तेव्हा तो रंग पुन्हा उमटतो. प्राणी बहुधा बोटाच्या पेराएवढा. तो शोधायला चिकाटी लागते.

गुरुजी, शाळेची सहल कोकणात गेली तर बुडी मारण्याचीही गरज नाही. जाणत्या माणसाला बरोबर घेऊन ओहोटीला खडकांतली डबकी पाहावीत. दिसलेल्या जिवाला हात लावू नये. दगड उलटला तर होता तसा परत ठेवावा. त्याच्या पोटाशी तिच्या अंड्यांची फीत चिकटलेली असू शकते.