मातीला आलेली माणसं

लोणावळ्यात जुलैचा पाऊस लागलाय. ख्रिस्ती दफनभूमीत काल संध्याकाळी खणून ठेवलेल्या खड्ड्यात रातोरात गुडघाभर पाणी साठलंय. दोघे जण आत उतरून बादलीने उपसतायत. तिसरा काठावर बादली रिकामी करतो आणि ते पाणी उताराने पुन्हा आतच येतं. शेवटी कुणीतरी फावड्याने चर काढून देतो, तेव्हा कुठे तळ दिसतो.

शवपेटी पत्र्याच्या छपराखाली दोन बाकांवर ठेवलीये. गेलेले काका रेल्वेतले. कर्जतहून बोरघाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देणाऱ्या इंजिनांवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. काकू पेटीला धरून उभ्या आहेत. पदर तोंडात कोंबून हुंदका दाबतायत. भोवतीच्या बायकांचं एकच चाललंय, “रडू नका काकू, धीर धरा.”

पाळकसाहेब छत्री मिटून जवळ येतात. “रडू द्या त्यांना. लाजराच्या कबरेपाशी प्रभूसुद्धा रडला होता.”

योहानाच्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायातला हा प्रसंग मला नेहमीच विलक्षण वाटतो. मेलेल्या लाजराला आता मरणातून उठवायचंच आहे हे ठाऊक असून येशू आधी रडतो, मग पुढचं. आपल्याकडे मात्र माणूस दारातून हलायच्या आत ‘सावरा आता’ सुरू होतं.

भिजेल म्हणून हार्मोनियम आणलेली नाही. झांजा तेवढ्या आहेत. ना. वा. टिळकांचं भजन उचललं जातं. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने मराठी मंडळीला अभंगाच्या वळणाची भजनं दिली. परक्या चालीवर बेतलेलं गीत अशा वेळी घशातून निघालं असतं का, शंकाच आहे. दुसऱ्या कडव्याला काकूंचा बांध फुटतो. तिसऱ्याला त्या स्वतःच गाऊ लागतात. सूर कुठल्या कुठे, पण शब्द एकही चुकत नाही.

पुनरुत्थानाच्या आशेचं वचन वाचलं जातं. निम्मं पत्र्यावरच्या पावसात बुडतं.

फाटकाबाहेर चाळीतले चार-पाच जण चपला काढू की नको करत उभे आहेत. त्यांतले एक आजोबा मला हळूच विचारतात, “आम्हांला चालतं का हो माती द्यायला?” काकांचा पुतण्या ते ऐकतो. “आजोबा, असं काय विचारता? या की!” हाताला धरूनच तो त्यांना आत नेतो. ओल्या मातीची मूठ सुटत नाही. तळहाताला चिकटलेला तांबडा गोळा आजोबा दुसऱ्या हाताने निपटून खड्ड्यात टाकतात.

तेव्हा शेजारच्या ख्रिस्ती घरातलं कुणी गेलं, तर फाटकाशी थबकू नका. माती कुणालाही देता येते. नंतर घरी सांत्वनाची प्रार्थना असते, तिलाही जा. भजनं येत नसली तरी चालतं, नुसतं बसावं. फक्त ‘रडू नका’ एवढं म्हणू नका.