राबाचा धूर, डिझेलचा धूर

उन्हाळ्यात कर्जतच्या खाचरांत राब भाजतात. शेण, कवळं, पातेरा, वर गवत आणि माती असे थर रचून ते मंद पेटवायचे. पुढे त्याच जागी भाताची रोपं धरतात. त्याच दिवसांत खालापूरच्या बाजूनं मालाचे ट्रक बोरघाट चढत असतात. दोन्ही धूर वर जाऊन मिसळले की डोळ्यांना वेगळे काढता येत नाहीत. कार्बनचा अणू मात्र आपलं मूळ सोडत नाही.

जिवंत झाड हवेतून कार्बन-१४ घेत राहतं. त्याचं प्रमाण अगदी कमी, लाख कोटी कार्बन अणूंमागे साधारण एक. झाड मेलं की तोही घटू लागतो, दर ५,७३० वर्षांनी निम्मा. कोट्यवधी वर्षं जमिनीखाली राहिलेल्या कोळशात आणि खनिज तेलात तो उरतच नाही. म्हणून गाळणकागदावर जमलेल्या काजळीतला कार्बन-१४ मोजला की सरपणाचा वाटा किती आणि डिझेल-कोळशाचा किती, हे ठरवता येतं.

हा हिशेब आपल्या सह्याद्रीत होऊन गेला आहे. २००६च्या सुरुवातीच्या कोरड्या महिन्यांत सिंहगडावर आणि मालदीवच्या हनीमाधू बेटावर हवेचे नमुने घेतले गेले. स्टॉकहोम विद्यापीठाचे ओर्यान गुस्ताफसन यांच्यासोबत पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पी. एस. पी. राव या कामात होते. जानेवारी २००९मध्ये 'सायन्स'मध्ये निष्कर्ष आले: काजळी वेगळी काढण्याच्या एका पद्धतीनं जैविक जळणाचा वाटा सुमारे ४६ टक्के, दुसरीनं ६८. दोन आकड्यांमधलं हे अंतर लपवलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. आणि कमी आकडा धरला तरी चुलीला हिशेबातून वगळता येत नाही.

पण कार्बन-१४ला राब, चूल आणि लाकडी कोळशाची भट्टी यांतला भेद कळत नाही. कार्बन-१३ थोडी मदत करतो. ऊस, ज्वारी, मका यांच्यात तो भात आणि जंगली झाडांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे देशावरच्या उसाच्या पाचटाचा धूर ओळखू येऊ शकतो. कर्जतचा राब आणि कर्जतची चूल मात्र त्यालाही सारखीच. तिथं घरोघरी जाऊन कोण, काय, किती दिवस जाळतं हे विचारावंच लागतं. नाहीतर वर्षातून काही दिवस राब भाजणाऱ्या शेतकऱ्यावर वर्षभराच्या धुराचा ठपका येईल, आणि तो अन्याय होईल.

हे विचारणं तातडीचं आहे. कार्बन डायऑक्साइड हवेत शतकानुशतकं राहतो. काजळी मात्र काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत खाली बसते, पावसाळ्यात त्याहूनही लवकर. धूर आज कमी केला, तर हवेतला फरक त्याच मोसमात मोजता येतो.