बिटकॉइनचा चुकारा कोण घेणार?

अकोल्याच्या गांधी रोडवर किंवा अमरावतीच्या इतवाऱ्यात दहाचं नाणं पुढे करून पाहा. बरेचदा ते तसंच परत येतं. 'हे नाही चालत भाऊ. नोट द्या, नाहीतर स्कॅन करा.' नाण्यावर अशोकस्तंभाचे सिंह आहेत, ते सरकारी टाकसाळीत पाडलंय, आणि नाणे कायदा 2011 प्रमाणे एक रुपया व त्यावरची नाणी एक हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी कायदेशीर चलन आहेत. रिझर्व्ह बँकेने 17 जानेवारी 2018 ला पत्रक काढून दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने खरे असल्याचं सांगितलं. तरी वऱ्हाडातल्या अनेक दुकानांत ते अजून गल्ल्याबाहेरच आहे.

दुकानदाराला कारण विचारा. नाणं खोटं आहे, असं तो छातीठोकपणे म्हणत नाही. 'मी घेईन हो, पण माझ्याकडून पुढे कोण घेतं?' एवढंच त्याचं उत्तर असतं. पैशाचं अर्थशास्त्र या उत्तरात जवळजवळ पूर्ण येतं. माझ्या हातातला पैसा मला पटतो की नाही, याला फारशी किंमत नाही. ठोक व्यापारी तो घेईल का, रविवारी मजुरी चुकवताना वेचणीवाल्या बाया तो घेतील का, शाळेची फी भरताना तो चालेल का, यावर ते ठरतं. कायद्याची मोहोर या साखळीला मदत करते, पण साखळी तयार करत नाही. सरकारी मोहोर असलेल्या नाण्याची ही गत असेल, तर ज्याच्यामागे कोणतंही सरकार नाही, त्या क्रिप्टो चलनाने अमरावतीच्या किराणा दुकानात शिरायचं कसं?

हा प्रश्न मुद्दाम विचारायचा, कारण क्रिप्टो वऱ्हाडात आलेलं नाही असं नाही. बडनेऱ्याच्या चहाच्या टपरीवर इंजिनिअरिंगची पोरं बिटकॉइनचे भाव सांगतात. नोकरीनिमित्त पुण्याला गेलेला पुतण्या दिवाळीला आला की घरच्या दोघातिघांच्या मोबाइलमध्ये अ‍ॅप टाकून जातो. म्हणजे लोक ते विकत घेतात, ठेवतात, भाव पाहतात. पण बिटकॉइन घेऊन साखर-तेल देणारं दुकान मला या दोन्ही शहरांत दिसलेलं नाही. घेणारे पुष्कळ, खर्चणारे कोणी नाही. पैसा म्हणून जन्मलेली वस्तू इथे पैसा सोडून बाकी सगळं झाली.

जन्म मात्र पैसा म्हणूनच होता. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने 31 ऑक्टोबर 2008 रोजी नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. बँकेला मध्ये न घेता एकाने दुसऱ्याला थेट पैसे कसे पाठवावेत, याची योजना त्यात होती. 3 जानेवारी 2009 ला पहिला ब्लॉक तयार झाला. व्यवहारांची वही एका बँकेत न ठेवता जगभरच्या हजारो संगणकांवर ठेवायची, साधारण दर दहा मिनिटांनी तिला नवं पान जोडायचं, आणि एकूण नाणी 2 कोटी 10 लाखांच्या वर जाऊ द्यायची नाहीत, अशी ती रचना. कल्पना विलक्षण आहे, हे मान्य करायलाच हवं. 22 मे 2010 ला अमेरिकेतल्या लॅस्लो हॅनिएझ या प्रोग्रामरने दोन पिझ्झांसाठी 10,000 बिटकॉइन दिले. बिटकॉइनने झालेली ही पहिली नावाजलेली खरेदी. आज त्या पिझ्झांची किंमत काढून लोक हळहळतात, पण पैसा म्हणून बिटकॉइन वापरणारा खरा माणूस तोच होता. भाव वाढणार असं वाटायला लागल्यावर पिझ्झा कोण घेतो?

इथे वऱ्हाडी माणसाला फार समजावायला नको. त्याच्या घरात अशी एक वस्तू दरवर्षी येते. 2021-22 च्या हंगामात अकोटच्या बाजारात कापसाने क्विंटलला दहा हजारांचा पल्ला ओलांडला. पुढच्या वर्षी शेतकऱ्यांनी तोच भाव पुन्हा येईल म्हणून कापूस घरात भरून ठेवला. माणसं ओसरीत झोपली, कापूस खोल्यांत राहिला, अंगाला खाज सुटली, आणि भाव उतरत गेला. क्रिप्टोवाले ज्याला 'होल्ड करणं' म्हणतात, ते आमच्याकडे बिनइंटरनेटचं चालू होतं. कापसाचा भाव दूरच्या बाजारात ठरतो, आपल्या हातात फक्त वाट पाहणं असतं, हेही जुनंच. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, आणि 1865 ला ती संपताच भाव कोसळले. पुढे मुंबईत तर न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या उघडत्या-मिटत्या भावांच्या आकड्यांवर पैसे लावायची टूम निघाली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते आकडे मिळेनासे झाले, आणि त्याच जुगाराचा मटका झाला. मटक्याचं मूळ कापसाच्या भावात आहे, हे कापूसवाल्या मुलखात फार कोणाला माहीत नसतं.

तर, इतका मोलाचा कापूस पैसा का नाही झाला? खेडेगावात चार-दोन किलो कापूस किंवा तूर किराणा दुकानात घालून मीठ-मिरची आणायची रीत होती, अजूनही कुठे कुठे आहे. पण दुकानदार तो पडत्या भावात घेतो, कारण पुढची जोखीम त्याची असते. ज्याचा भाव रोज हलतो, ते घेणारा स्वतःसाठी काहीतरी कापून ठेवणारच. बिटकॉइनचं याहून अवघड आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये तो 69,000 डॉलरच्या आसपास होता, वर्षभरात 16,000 च्या खाली आला, डिसेंबर 2024 मध्ये एक लाखाच्या वर गेला, ऑक्टोबर 2025 मध्ये सव्वा लाख ओलांडून पुढच्याच महिन्यात नव्वद हजारांच्या खाली घसरला. नांदगाव पेठच्या कापड बाजारातला ठोक व्यापारी दोन महिन्यांच्या उधारीवर माल देतो. ही उधारी त्याने कशात लिहायची? कापसाला निदान हमीभाव असतो, 2025-26 साठी लांब धाग्याला 8,110 रुपये. बिटकॉइनला कोणतीही हमी नाही.

उंबरठ्यावर दुसरी अडचण कराची उभी आहे. भारतात क्रिप्टो बेकायदा नाही. रिझर्व्ह बँकेने 6 एप्रिल 2018 ला बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं, ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 ला रद्द केलं. मात्र क्रिप्टो कायदेशीर चलनही नाही, म्हणजे ते घ्यायचं बंधन कोणावर नाही. 2022 च्या अर्थसंकल्पाने त्याला 'आभासी डिजिटल मालमत्ता' ठरवलं आणि नफ्यावर सरसकट 30 टक्के कर लावला. वर उपकर वेगळा, आणि एका नाण्यात झालेला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करायची सोय नाही. 1 जुलै 2022 पासून ठरावीक मर्यादेपलीकडच्या व्यवहारावर एक टक्का टीडीएसही कापला जातो.

आता हे बाजारात नेऊन पाहा. समजा, तुम्ही एक लाखाचे बिटकॉइन घेतले, ते दीड लाखाचे झाले, आणि तेच देऊन जुनी मोटरसायकल घेतली. कायद्याच्या डोळ्यांनी ही आधी विक्री आहे, मग खरेदी. पन्नास हजारांच्या नफ्यावर 15,000 रुपये कर आणि 4 टक्के उपकर, मिळून 15,600. शंभर रुपयांची भाजी घेतली तरी हिशेबाचं तत्त्व हेच. प्रत्येक मेथीच्या जुडीमागे 'मूळ खरेदी किंमत किती होती' हे लिहून ठेवणारं गिऱ्हाईक सापडणं कठीण. रुपयाने भाजी घेताना रुपया किती वाढला, असं प्राप्तिकर खातं विचारत नाही. माझ्या मते या एका फरकानेच क्रिप्टोचं किराण्याच्या दुकानात जाणं तूर्त बंद झालेलं आहे.

त्यात स्पर्धा कोणाशी, तर यूपीआयशी. ही सेवा 2016 साली सुरू झाली, आणि त्याच वर्षीच्या 8 नोव्हेंबरला नोटाबंदीने तिला गिऱ्हाईक मिळवून दिलं. आज रसवंतीवाल्याच्या गाड्यावर काळ्या-पांढऱ्या चौकोनाचा कागद चिकटवलेला असतो आणि पैसे आल्याचं साऊंडबॉक्स मोठ्याने सांगतो. दुकानदाराला खर्च जवळपास शून्य. ऑगस्ट 2025 मध्ये देशात यूपीआयचे व्यवहार महिन्याला 2,000 कोटींच्या पुढे गेले, म्हणजे सेकंदाला सरासरी सात हजारांवर. बिटकॉइनची मूळ साखळी सेकंदाला साधारण सातच व्यवहार पेलते. वेगासाठी तिच्यावर 'लाइटनिंग'सारखी दुसरी व्यवस्था बांधावी लागली. पण वेगापेक्षा मोठी गोष्ट ही, की यूपीआयने नवं चलन आणलंच नाही. रुपया तोच राहिला, फक्त त्याचा रस्ता बदलला. लोकांना नव्यावर विश्वास ठेवावा लागला तो फक्त मोबाइलपुरता.

तोही एका दिवसात बसला नाही. अमरावती जिल्ह्यातलं हरिसाल आठवा. मेळघाटातल्या या गावाला 2016 च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या मदतीने देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून मिरवलं गेलं. 2019 च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत त्याच हरिसालच्या जाहिरातीची चिरफाड केली. राजकारण बाजूला ठेवू. टॉवरची रेंज, वीज आणि खात्यात शिल्लक, या तीन गोष्टी असतील तिथेच डिजिटल पैसा चालतो, हे घोषणेने बदलत नाही. धारणीच्या बाजारात कोरकू बाई अजून नोट मोजूनच घेते, यात तिचं काही चुकत नाही.

सरकारने ठरवून लोकांना बिटकॉइन वापरायला लावलं तर काय होतं, याचाही प्रयोग झालेला आहे. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरने 7 सप्टेंबर 2021 पासून त्याला कायदेशीर चलन केलं. सरकारी 'चिवो' वॉलेट उघडणाऱ्याला 30 डॉलरचे बिटकॉइन फुकट दिले. पुष्कळांनी ते तीस डॉलर खर्चले आणि अ‍ॅप बंद केलं. शेवटी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून 1.4 अब्ज डॉलरचं कर्ज घेताना जानेवारी 2025 मध्ये कायदा बदलला गेला, आणि व्यापाऱ्यांवरची सक्ती गेली. दुसरी बाजूही आहे. 2023 मध्ये अर्जेंटिनात महागाईचा दर 200 टक्क्यांच्या वर गेला. पगार हातात पडल्यापासून महिनाअखेरपर्यंत त्याचा भुगा होत असेल, तर डॉलरशी बांधलेलं क्रिप्टो नाणं तिथल्या माणसाला खरोखर आधार वाटतं. ज्याचा स्वतःचा पैसा आजारी, त्याला पर्याय हवाच. रुपयाबद्दल आपल्या तक्रारी असतील, पण अकोल्यातल्या दुकानदाराला संध्याकाळपर्यंत गल्ल्यातली नोट निम्मी होईल अशी धास्ती नाही. गरज नसेल तिथे चलन रुजत नाही, मग तंत्रज्ञान कितीही पुढचं असो.

रुजली ती फक्त आशा, आणि आशेचा व्यापार करणारे गावोगाव आले. 'गेनबिटकॉइन' हे महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण. अमित भारद्वाज याने उभी केलेली ही योजना महिन्याला 10 टक्के, तेही सलग 18 महिने, असं आश्वासन देत होती. 2018 मध्ये पुणे पोलिसांनी त्याला अटक केली. गुन्हे पुण्यासारखेच नांदेडलाही नोंदले गेले. ईडीने घोटाळ्याचा आकडा सुमारे 6,600 कोटी रुपये सांगितला. भारद्वाज जानेवारी 2022 मध्ये वारला, आणि दोनच महिन्यांनी, तपासात पोलिसांना मदत करायला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच जप्तीतलं क्रिप्टो वळवल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्याच सुमारास नागपुरातही 'इथर'च्या नावाने गुंतवणूकदारांना गंडवल्याचं प्रकरण उघड झालं. गेनबिटकॉइनमधली मला सगळ्यात बोलकी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. लोकांनी बिटकॉइन दिले, पण परतफेडीची वेळ आली तेव्हा कंपनीने 'एमकॅप' नावाचं स्वतःचंच नाणं पुढे केलं. बाहेर त्याला विचारणारं कोणी नव्हतं.

फसवणूक नसली तरी धोके उरतातच. मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजवर 18 जुलै 2024 ला सुमारे 23 कोटी डॉलरचा दरोडा पडला आणि ग्राहकांचे पैसे सव्वा वर्ष अडकून राहिले. एक्स्चेंज टाळून अनोळखी माणसाशी थेट व्यवहार करणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. समोरच्याने पाठवलेले रुपये कुठल्यातरी सायबर गुन्ह्यातले निघतात, आणि परराज्यातल्या पोलिसांच्या सांगण्यावरून आपलं बँक खातं गोठतं. मग ऐन पेरणीच्या तोंडावर एटीएममधून दमडी निघत नाही.

रिझर्व्ह बँकेने 1 डिसेंबर 2022 पासून किरकोळ व्यवहारांसाठी ई-रुपयाची चाचणी सुरू केली आहे. ते रुपयाचंच डिजिटल रूप आहे आणि बिटकॉइनचा त्याच्याशी काही संबंध नाही. दोघांची सरमिसळ करून 'सरकारमान्य क्रिप्टो' विकणारा कोणी दारात आला, तर तो खोटं बोलतोय असं समजा.

ज्यांनी हौसेने, गमावले तरी चालतील एवढ्या पैशांत क्रिप्टो घेतलंय, त्यांनी विवरणपत्रात ते दाखवावं आणि खरेदीच्या नोंदी जपाव्यात. पण दुप्पट-तिप्पट करून देणारा ओळखीतला माणूस घरी आला, तर बाजार समितीत अडत्याला विचारतो तेच विचारा: चुकारा कधी, रुपयात देणार की दुसऱ्या कशात, आणि कोणत्या खात्यात? 'आमच्याच कॉइनमध्ये' असं उत्तर आलं तर चहा पाजून वाटेला लावा. पैसे आधीच गेले असतील तर लाजू नका, वेळही घालवू नका. 1930 या क्रमांकावर त्याच दिवशी तक्रार करा.