टाकीच्या तळाशी काय असावे?

२०२१ मध्ये ‘माइनक्राफ्ट’ या खेळात ॲक्सोलॉटल आला आणि पिसांसारखे कल्ले मिरवणारा मेक्सिकोचा हा उभयचर पोरांच्या तोंडी बसला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीच्या एका वाचकाने विचारले आहे, तो पाळायचा तर टाकीत खाली काय घालायचे?

दुकानातले रंगीत खडे नकोत, हे आधी. ॲक्सोलॉटल भक्ष्य चावत नाही, ओढून घेतो. तोंड झटकन उघडते, आतला दाब घटतो आणि पाण्याचा लोंढा गांडुळासकट घशात जातो. सोबत खडाही जातो. तो आतड्यात अडकला की प्राणी खाणे सोडतो, पुष्कळदा मरतो. मेक्सिको सिटीतले सोचिमिल्कोचे कालवे हे त्याचे घर, आणि तिथे तळाला मऊ गाळ असतो.

वैनगंगेकाठच्या माणसाला रेतीची प्रतवारी शिकवायला नको. बांधकामाची जाड रेती बाद. एक मिलिमीटरच्या आतली, गिलाव्याच्या रेतीहूनही बारीक हवी. ती पोटात गेली तरी सहसा बाहेर पडते. पाणी नितळ येईपर्यंत धुवावी, नदीची असेल तर उकळावी आणि पातळच पसरावी. थर जाड झाला की खाली प्राणवायू पोहोचत नाही, कुजका वायू साठतो. पिल्लू बारा-पंधरा सेंटिमीटरचे होईपर्यंत तळ मोकळाच ठेवावा, म्हणजे विष्ठा दिसते आणि लगेच काढता येते.

ॲक्सोलॉटलच्या टाकीचा विषय निघाला की मला मारी फॉन शोव्हँ आठवतात. १८६४ मध्ये पॅरिसला पोचलेल्या ॲक्सोलॉटलच्या काही पिल्लांचे कल्ले गळाले, ती जमिनीवर चालू लागली आणि तिथले प्राणिशास्त्रज्ञ द्युमेरिल चकित झाले. हे मुद्दाम घडवता येईल का? जर्मनीत फ्रायबुर्गच्या या बाईंनी पिल्ले इतक्या उथळ पाण्यात ठेवली की अंग पुरते बुडेना, मग त्यांना ओलसर शेवाळावर आणले. ती खरोखर जमिनीवरची झाली! त्यावरचा १८७५ चा निबंध प्राणिशास्त्रज्ञ वाइसमन यांचा. त्यात बाईंचा प्रयोग नावानिशी आहे, तरी आज त्यांना ओळखतो कोण? असा धीर लागणारा प्रयोग पाठ्यपुस्तकात यायला हवा.

आता वाचकाला स्पष्टच सांगतो. या प्राण्याला सोळा ते अठरा अंशांचे पाणी लागते, चोविसाच्या वर तो खंगतो. चंद्रपूरचा मे महिना पंचेचाळीसच्या पुढे जातो, भारनियमन वेगळेच. पाणी थंड ठेवणारा चिलर आणि त्याला अखंड वीज नसेल, तर रेती कितीही बारीक चाळली तरी ॲक्सोलॉटल घरी आणू नये.